दोन थरांच्या मधला काळ

पृथ्वीचे वय सहा ते दहा हजार वर्षांपलीकडे नाही आणि जगातील बहुतेक स्तरित खडक बायबलमध्ये सांगितलेल्या नोहाच्या काळातील वर्षभराच्या जलप्रलयात साचले, असे मानणाऱ्या ख्रिस्ती सृष्टिवाद्यांचे लेखन मी गेली काही वर्षे बऱ्यापैकी नेमाने वाचत आलो आहे. त्यांची खिल्ली उडवणारे लेखही पुष्कळ वाचले, पण त्यांतून फारसे हाती लागत नाही. कारण खिल्ली उडवणारा बहुधा असे धरून चालतो की या मंडळींनी खडक कधी पाहिलेलेच नाहीत. वस्तुस्थिती तशी नाही. त्यांच्यातील काहींकडे भूविज्ञानाच्या रीतसर पदव्या आहेत, ते प्रत्यक्ष कड्याकपारींत जाऊन नमुने गोळा करतात, आणि त्यांची काही निरीक्षणे खरीही असतात. घोटाळा निरीक्षणांत कमी आहे. ती निरीक्षणे ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे केली जातात तो प्रश्नच अपुरा आहे, असे माझे मत झाले आहे.

त्यांचा सर्वांत आवडता दाखला अमेरिकेतील माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा आहे. १८ मे १९८० रोजी त्याचा मोठा उद्रेक झाला आणि त्यानंतर १२ जूनच्या उद्रेकात तप्त राख व दगडांच्या लोंढ्यांनी सुमारे साडेसात मीटर जाडीचा, बारीक पट्ट्यापट्ट्यांचा थर काही तासांत रचला. पुढे १९ मार्च १९८२ च्या चिखलाच्या लोंढ्याने याच ढिगाऱ्यातून खोल घळी कोरून काढल्या. येथून सृष्टिवादी लेखक थेट निष्कर्षाला जातात: पट्ट्या एका दिवसात तयार होऊ शकतात आणि दरीही एका दिवसात कोरली जाऊ शकते, तर मग अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीला कोट्यवधी वर्षे कशाला हवीत?

पहिला अर्धा भाग निर्विवाद आहे. एखादा थर वेगाने साचतो हे कोणताही भूवैज्ञानिक नाकारत नाही. समुद्राच्या तळावरून घसरत जाणारा गढूळ पाण्याचा लोंढा हातभर जाडीचा वालुकाश्माचा थर काही तासांत घालू शकतो, आणि नदीच्या एका पुरात काठावर वीतभर गाळ बसतो. थराच्या जाडीला एखाद्या ठरावीक संथ दराने भागायचे आणि वय काढायचे, ही रीत एकोणिसाव्या शतकात काहींनी वापरून पाहिली. तिच्यातून निघालेली उत्तरे एकमेकांशी जुळेनात, म्हणून ती मागे पडली. तेव्हा ‘थर लवकर साचू शकतो’ हे सिद्ध करून आजच्या भूविज्ञानाचे काहीच खोडले जात नाही. खडकांतला बराचसा काळ थराच्या जाडीत नसतोच. तो एक थर संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या अवधीत गेलेला असतो, आणि त्या अवधीच्या खुणा थराच्या माथ्यावर, म्हणजे वरच्या थराशी होणाऱ्या सांध्यावर, शोधाव्या लागतात.

त्या सांध्यांकडे वळण्यापूर्वी थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण ‘देव न मानणाऱ्या शास्त्रज्ञांनी बायबलला शह देण्यासाठी पृथ्वीचे वय वाढवले’ असा समज या लेखनात वारंवार डोकावतो. आयर्लंडमधील आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधील वंशावळी व राजवटी यांचा हिशेब करून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये, ऑक्टोबर महिन्यात झाला असे ठरवले. त्या काळच्या मानाने ते अत्यंत कसोशीने केलेले काम होते, आणि अशर यांच्यावर हसणाऱ्यांना त्यातला दशांशही जमला नसता. त्यानंतर अवघ्या १९ वर्षांनी निकोलस स्टेनो या डॅनिश अभ्यासकाने इटलीतील टस्कनीच्या डोंगरांच्या आधारे थरांचे मूलभूत नियम मांडले: खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, थर मुळात आडवे साचतात आणि कललेले दिसले तर ते पुढे कलले. हा स्टेनो पुढे कॅथलिक बिशप झाला, आणि जलप्रलयावर त्याचा विश्वास होता.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील प्रमुख भूवैज्ञानिकांत अँग्लिकन धर्मगुरूच होते. ऑक्सफर्डच्या विल्यम बकलंड यांनी यॉर्कशायरमधील कर्कडेल गुहेतल्या तरसांच्या हाडांचा अभ्यास केला आणि १८२३ मध्ये जलप्रलयाच्या भूवैज्ञानिक खुणा सापडल्याचे ग्रंथरूपाने मांडले. केंब्रिजचे अ‍ॅडम सेजविक त्यांच्याच मताचे होते. पण जितके अधिक प्रदेश तपासले गेले तितके स्पष्ट होत गेले की ज्याला एकाच प्रलयाचा गाळ समजले जात होते ते वेगवेगळ्या काळांतले, वेगवेगळ्या कारणांनी साचलेले ढीग आहेत. १८३१ मध्ये सेजविक यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून आपले जुने मत जाहीरपणे मागे घेतले, आणि काही वर्षांत बकलंड यांनीही तोच मार्ग धरला. डार्विनचा ग्रंथ येण्यास तेव्हा अजून पाव शतकाहून अधिक अवकाश होता. प्रलयाच्या सिद्धान्ताची पहिली गंभीर परीक्षा अशा रीतीने श्रद्धावंतांनीच घेतली, आणि नापास केला तोही त्यांनीच.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे बायबलवर निष्ठा असणाऱ्या सुशिक्षितांना जुन्या पृथ्वीची फारशी अडचण वाटत नव्हती. कोणी सृष्टीच्या सहा दिवसांना सहा दीर्घ युगे मानत, तर कोणी बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातील पहिल्या दोन वचनांच्या मध्ये अमर्याद काळाची पोकळी आहे असे मानत. १९२५ मध्ये टेनेसीतील डेटन येथे उत्क्रांती शिकवण्यावरून गाजलेला खटला चालला, तेव्हा उत्क्रांतीविरोधकांचे पुढारी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीही उलटतपासणीत सृष्टीचे दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असे नाही, हे कबूल केले. आजच्या पद्धतीचे ‘प्रलयाचे भूविज्ञान’ आले ते सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या जॉर्ज मॅक्रेडी प्राइस यांच्याकडून. त्यांच्यापाशी भूविज्ञानाचे औपचारिक शिक्षण नव्हते, चिकाटी मात्र अफाट होती. त्यांच्या कल्पना १९६१ मध्ये जॉन व्हिटकम हे धर्मशास्त्रज्ञ आणि हेन्री मॉरिस हे जलाभियंते यांनी एका जाडजूड ग्रंथात नव्याने मांडल्या आणि तेथून त्या सर्वदूर पसरल्या. प्राचीन परंपरा म्हणून जे पुढे केले जाते त्याचे आजचे रूप विसाव्या शतकात घडलेले आहे.

आता सांध्यांकडे येतो, आणि सृष्टिवाद्यांना सर्वांत प्रिय असलेल्या ग्रँड कॅन्यनपासूनच सुरुवात करतो. तेथील उभ्या कड्यांच्या साधारण मध्यावर ‘रेडवॉल’ नावाचा लाल दिसणारा, पण मुळात करडा असलेला चुनखडक आहे. वरच्या थरांतून ओघळणाऱ्या लोहयुक्त पाण्याने त्याचा पृष्ठभाग रंगला आहे. सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रात तो साचला. त्याचा माथा नीट पाहिला तर तो सपाट नाही. त्यात विवरे आहेत, खचलेले खड्डे आहेत, गुहा आहेत आणि काही ठिकाणी शंभर मीटरहून अधिक खोल गेलेल्या जुन्या दऱ्या आहेत. चुनखडक उघड्यावर आला आणि पावसाच्या सौम्य आम्लयुक्त पाण्याने दीर्घकाळ विरघळत राहिला की जमिनीला असेच रूप येते. या दऱ्यांत ‘सरप्राइज कॅन्यन’ नावाचे वेगळे खडक भरलेले आहेत: तळाशी नदीचे गोटे व वाळू आणि वनस्पतींचे जीवाश्म, त्यावर खाडीचा व समुद्राचा गाळ. या सगळ्यावर पुढचे थर आडवे पसरले आहेत.

सृष्टिवाद्यांच्या हिशेबात रेडवॉल साचला तो प्रलयाच्या ऐन वर्षात, पृथ्वी पाण्याखाली असताना. म्हणजे त्या काही महिन्यांत शेकडो मीटर जाडीचा चुन्याचा गाळ बसला, तो विवरे व गुहा टिकण्याइतका कठीण झाला, पाण्याबाहेर आला, विरघळून त्याच्यात दऱ्या पडल्या, त्या दऱ्यांतून नद्या वाहिल्या, त्यांच्या काठच्या झाडांची पाने गाळात गाडली गेली, समुद्र पुन्हा आत आला आणि त्यानंतर वरचे सगळे थर साचले, असे मानावे लागते. येथे पाण्याचा वेग कितीही वाढवला तरी उपयोग होत नाही, कारण या टप्प्याला पाण्याने निघून जाणेच आवश्यक आहे. सेंट हेलेन्सची राख याबाबत काहीच सांगत नाही.

रेडवॉलच्या बऱ्याच वर कोकोनिनो वालुकाश्माचा फिकट पट्टा लागतो. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या वाऱ्याने रचलेल्या टेकड्या, असे त्याचे बहुतेक भूवैज्ञानिक वर्णन करतात. त्याच्या तिरक्या पापुद्र्यांवर चतुष्पाद प्राण्यांच्या पावलांच्या ओळी उमटलेल्या आहेत. सृष्टिवादी जीवशास्त्रज्ञ लेनर्ड ब्रँड यांनी १९७९ मध्ये पाण्याखालच्या वाळूवर सॅलॅमँडर चालवून पाहिले आणि कोकोनिनोतील काही ठशांशी पाण्याखालचे ठसे अधिक जुळतात असे दाखवले. प्रयोग प्रामाणिक होता आणि व्यावसायिक नियतकालिकात छापून आला, ही त्याच्या बाजूची गोष्ट मान्य केली पाहिजे. पण याच वालुकाश्मात कोळ्यांसारख्या आणि विंचवांसारख्या प्राण्यांच्या बारीक वाटाही आहेत. आजच्या कोळ्याला कोरड्या वाळूच्या उतारावर सोडले की तशीच वाट उमटते. आणि पाण्याखालचे म्हणणे क्षणभर धरून चालले, तरी मूळ अडचण सुटत नाही. पृथ्वीचा तसूभर तुकडाही कोरडा उरला नाही अशा प्रलयाच्या मध्यावर, खाली किलोमीटरभर ताजा गाळ साचून झालेला असताना, हे प्राणी शांतपणे उतार चढत कुठून आले होते?

दरीच्या कोरण्याबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. सेंट हेलेन्सच्या घळी सैल राखेतून कोरल्या गेल्या. कोलोरॅडो नदीने मात्र कठीण खडकातून सुमारे ४४६ किलोमीटर लांबीची आणि काही ठिकाणी १.८ किलोमीटर खोलीची दरी कोरली आहे, आणि ती वळणे घेत जाते. महापुराने कोरलेला प्रदेश कसा दिसतो हे आपल्याला ठाऊक आहे, आणि ते शोधून काढणाऱ्याची कथा सृष्टिवादी मोठ्या आवडीने सांगतात. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागातील खरवडलेला बेसॉल्टचा प्रदेश एका प्रचंड पुराने घडवला, असे जे. हार्लन ब्रेट्झ यांनी १९२३ पासून मांडायला सुरुवात केली. भूवैज्ञानिकांच्या प्रस्थापित मंडळींनी त्यांना अनेक वर्षे उभे केले नाही. पुढे मोंटानातील हिमयुगीन मिझुला सरोवराचा बर्फाचा बांध फुटून असे पूर पुन्हा पुन्हा आले असल्याचे पुरावे जमत गेले, तीव्र प्रवाहाने रचलेल्या, काही मीटर उंचीच्या महाकाय लहरी ओळखल्या गेल्या, आणि १९७९ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर, ब्रेट्झ यांना अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेचे पेनरोज पदक मिळाले. महापुराच्या कल्पनेला विज्ञानाने हट्टाने दार लावून घेतले होते हा आक्षेप त्या काळापुरता रास्त आहे. मात्र या कथेचा दुसरा अर्धा भाग असा, की पुराच्या खुणा दाखवल्यावर दार उघडले. त्या खुणा म्हणजे रुंद, एकमेकींत गुंतलेल्या वाटा, कोरडे पडलेले महाकाय धबधबे आणि दूरवरून वाहून आलेले धोंडे. ग्रँड कॅन्यनमध्ये त्या नाहीत.

कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातील जॉगिन्सच्या समुद्रकड्यांचा दाखला तर सृष्टिवाद्यांच्याच तिजोरीतला आहे. तेथे सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचे वृक्ष उभ्या स्थितीत, अनेक थरांना छेदून अश्मीभूत झालेले दिसतात. एक खोड अनेक थरांतून जाते, तर ते कुजण्यापूर्वीच ते थर साचले असले पाहिजेत, हा त्यांचा तर्क बिनचूक आहे. परंतु तो त्या एका खोडाभोवतीच्या काही मीटर गाळापुरता आहे. जॉगिन्सला असे उभे वृक्ष एकाच पातळीवर नाहीत. एका गाडल्या गेलेल्या जंगलाच्या वर दुसरे, त्याच्या वर तिसरे, अशी कितीतरी जंगले त्या कड्यात एकावर एक आहेत. त्यांची मुळे जुन्या मातीत पसरलेली सापडतात. काही पोकळ बुंध्यांत, जंगलातल्या जमिनीवर वावरणाऱ्या लहान चतुष्पादांची हाडे मिळाली. चार्ल्स लायेल आणि जॉन विल्यम डॉसन या भूवैज्ञानिकांना त्यांतली पहिली १८५२ मध्ये सापडली. शिवाय जागोजागी लोणारी कोळशाचे तुकडे आहेत, म्हणजे ही जंगले अधूनमधून पेटतही होती. वर्षभर बुडालेल्या जगात वणवा लागण्याची सोय कशी झाली, याचा खुलासा मला कुठे वाचायला मिळालेला नाही. जाता जाता सांगायचे तर डॉसन हे कट्टर श्रद्धावान होते आणि डार्विनच्या सिद्धान्ताचे आयुष्यभर विरोधक होते. तरी जॉगिन्सचे थर एका प्रलयात साचले असे त्यांना कधी वाटले नाही.

हे सारे थरांच्या आपसांतील क्रमाचे आणि त्यांच्या मधल्या अवधीचे झाले. वर्षांचा आकडा मात्र किरणोत्सर्गातून येतो: युरेनियमसारख्या मूलद्रव्याचा ठरावीक दराने क्षय होऊन त्याचे शिसे बनते, आणि त्यावरून गेलेला काळ मोजता येतो. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये अशनींमधील, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांमधील, शिशाच्या समस्थानिकांची (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) प्रमाणे मोजून पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे, सात कोटी इकडे-तिकडे, असे काढले, आणि त्यानंतरच्या मापनांनी तो आकडा फारसा हलवलेला नाही. या पद्धतीवर सृष्टिवाद्यांचा नेहमीचा आक्षेप, ‘आरंभी किती शिसे होते ते कोणाला ठाऊक’, असा असतो. वास्तविक पॅटरसन यांच्या पद्धतीत आरंभीच्या शिशाचे प्रमाण गृहीत धरावे लागत नाही. ज्या लोहमय अशनीत युरेनियम जवळजवळ नाहीच, त्याच्यातून ते थेट मोजले जाते, आणि निरनिराळ्या अशनींची प्रमाणे एकाच सरळ रेषेवर येतात की नाही ही पडताळणी आपोआप होते.

या विषयातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे पान खुद्द सृष्टिवाद्यांनीच लिहिले आहे. १९९७ ते २००५ या काळात त्यांच्या पदवीधर शास्त्रज्ञांच्या एका गटाने ‘रेट’ या नावाने किरणोत्सर्गी कालमापनाची तपासणी करणारा प्रकल्प चालवला. मापने चुकीची असल्याचे दाखवतील अशी अनेकांची अपेक्षा होती. त्यांनी वेगळेच मान्य केले: आजच्या दराने ५० कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल इतका क्षय खडकांत खरोखर झालेला आहे. पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे यावर ठाम असल्यामुळे त्यांनी असा निष्कर्ष काढला की सृष्टीच्या पहिल्या दिवसांत आणि प्रलयाच्या वर्षात क्षयाचा वेग देवाने कोट्यवधी पटींनी वाढवला असावा. क्षय वाढला की उष्णताही त्याच पटीने सुटते. एवढी उष्णता वर्षभरात सुटली असती तर पृथ्वीचे कवच वितळले असते, आणि नोहाचे तारू ज्यावर तरंगायचे ते पाणीही उरले नसते. ही अडचण त्यांच्या विरोधकांनी नंतर शोधून काढलेली नाही; त्या गटाने ती आपल्याच अहवालात नोंदवली आणि ती सोडवण्यासाठी उष्णता कुठेतरी नाहीशी करणारी, आजवर कोणी न पाहिलेली प्रक्रिया असावी असे सुचवले. मला या लेखकांच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर वाटतो. मात्र ज्या वाचकांपर्यंत प्रकल्पाचा गाजावाजा पोचला त्यांच्यापर्यंत ही कबुली पोचल्याचे दिसत नाही.

असाच प्रामाणिकपणा कर्ट वाइज यांच्या लेखनात आढळतो. हार्वर्डमध्ये स्टीफन जे गूल्ड या नामवंत उत्क्रांतीशास्त्रज्ञाच्या हाताखाली पुराजीवविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या या सृष्टिवाद्याने स्वच्छ लिहून ठेवले आहे, की विश्वातला सगळा पुरावा विरोधात गेला तर ते आपण सर्वांत आधी कबूल करू, आणि तरीही आपण सृष्टिवादीच राहू, कारण देवाच्या वचनातून आपल्याला तेच सूचित होते. या भूमिकेशी वाद घालण्याचे मला कारण दिसत नाही. ती श्रद्धेची भूमिका आहे आणि तसे ती उघडपणे सांगते. माझा आक्षेप आहे तो हीच भूमिका खडकांतून सिद्ध होते असे म्हणून पुस्तके आणि प्रदर्शने उभी करण्याला.

आणि खडकांतूनच सिद्ध करायचे ठरवले तर प्रलय जेथे संपला तो सांधा दाखवता आला पाहिजे. सबंध पृथ्वी व्यापणारे पाणी ओसरले आणि त्यानंतर नेहमीचे जग सुरू झाले, तर जगातल्या प्रत्येक खंडावर त्याइतकी ठळक दुसरी सीमा असू नये. प्रत्यक्षात प्रलयाचे भूविज्ञान मांडणारे अभ्यासक या सीमेबाबत आपसांत अनेक दशके भांडत आहेत. काहींच्या मते ती डायनोसॉरांचे शेवटचे जीवाश्म ज्या थरांत मिळतात त्यांच्या माथ्यावर आहे, काहींच्या मते ती त्याच्या खूप वर, हिमयुगाच्या थरांच्या अगदी पायथ्याशी आहे, आणि युरोपातील काही जण ती दगडी कोळशाच्या काळातील थरांपर्यंत खाली नेतात. जे थर एका गटाच्या मते प्रलयाच्या लाटांनी घातले, तेच दुसऱ्या गटाच्या मते प्रलयानंतरच्या शतकांत शांतपणे साचले. एकमेकांविरुद्ध ते जे पुरावे देतात ते जुन्या जमिनी, प्राण्यांची घरटी आणि बिळे, पावलांच्या वाटा, चिखलाला पडलेल्या उन्हाच्या भेगा यांचेच असतात, आणि प्रतिपक्षाने निवडलेल्या थरांवर ते लागू करताना दोन्ही बाजूंची हत्यारे चांगलीच धारदार असतात.